मराठीत तारीख लिहिणारं ‘इंटल’: गिरगावातल्या एका हॉलसाठी दीड वर्ष वापरून

गिरगावातल्या एका लग्नाच्या हॉलचं बुकिंगचं सॉफ्टवेअर मी करून दिलं आहे. खाली हॉल, वरच्या मजल्यावर कचेरी, कचेरीत लाकडी टेबल आणि टेबलावर हॉलची बुकिंगं सांभाळणाऱ्या अप्पांचं रजिस्टर. लाल कापडी बांधणीच्या त्या रजिस्टरात अप्पांची तारीख लिहायची एकच पद्धत आहे. आधी वार, मग तारीख, मग अक्षरी महिना, शेवटी साल: ‘रवि. ८ डिसेंबर २०२४’. नुसतं ८/१२ त्यांनी एकाही पानावर लिहिलेलं नाही. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, “ताई, बाकी काही चुकलं तर फोन करून निस्तरता येतं. तारीख चुकली तर दोन घरं दारात उभी राहतात.”

मी या हॉलसाठी तारखा छापायला जे वापरलं, त्याचा हा अनुभव. नाव ‘इंटल डेटटाइमफॉरमॅट’. ही विकत घ्यायची किंवा डाउनलोड करायची वस्तू नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या संगणकी भाषेच्या सोबतीला ‘एक्मा-४०२’ नावाचं एक प्रमाण आहे, त्याची पहिली आवृत्ती २०१२ साली आली. त्यानुसार ही सोय आज प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीपासूनच असते. तिला तारीख द्यायची, भाषा सांगायची, काय काय हवं ते सांगायचं, की ती मजकूर बनवून देते. महिन्यांची आणि वारांची नावं, त्यांचा क्रम, स्वल्पविराम, अंक हा सगळा माल ‘सीएलडीआर’ नावाच्या भांडारातून येतो. जगभरच्या भाषांची ही माहिती युनिकोड कन्सॉर्टियम ही संस्था सांभाळते. मराठीही त्यात आहे, आणि चांगली आहे.

भाषा ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) आणि शैली ‘फुल’ (पूर्ण तारीख) सांगितली की मिळतं: ‘रविवार, ८ डिसेंबर, २०२४’. पहिल्यांदा हे स्क्रीनवर आलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. त्याआधी प्रत्येक कामात बारा महिन्यांची आणि सात वारांची यादी मी स्वतः टाइप करायचे, आणि दर वेळी कुठेतरी ‘ऑगष्ट’ नाहीतर ‘फेब्रूवारी’ निसटायचं. इथे शुद्धलेखन बरोबर आहे. फेब्रुवारीतला रु ऱ्हस्व, ‘गुरुवार’मधलाही ऱ्हस्व, मंगळवारात ळ. अंकसुद्धा आपोआप देवनागरी येतात. हिंदीसाठी हीच सोय वापरली तर तारीख इंग्रजी अंकांत येते, कारण सीएलडीआरमध्ये हिंदीचे मूळ अंक इंग्रजी धरले आहेत आणि मराठीचे देवनागरी. मराठीच्या बाबतीत हा निर्णय मला मनापासून पटतो. अप्पांच्या रजिस्टरातही अंक देवनागरीच आहेत.

पण अंकांचं एक कलम लक्षात ठेवा, कारण माझ्या तीन संध्याकाळी त्यात गेल्या. देवनागरी अंक छापणं सोपं, परत वाचणं अवघड. जावास्क्रिप्टला ‘१५’ हा आकडा आहे हे कळतच नाही. संख्येत बदलायला गेलात तर ‘ही संख्या नाही’ असं उत्तर येतं. कचेरीतली मुलगी पावतीवरची तारीख कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाकायची आणि एकही बुकिंग सापडायचं नाही. ती समजायची बुकिंगच हरवलं. शोधाआधी देवनागरी अंक इंग्रजीत बदलणारी चार ओळींची सोय केली आणि प्रश्न मिटला. तुमच्या ग्राहकाला इंग्रजी अंकच हवे असतील तर भाषेच्या खुणेला ‘एनयू-लॅटन’ची शेपटी जोडा, महिना मराठीत आणि आकडे इंग्रजी असं मिळतं. मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबला मी तसंच दिलं आहे, कारण त्यांच्या रिपोर्टवर बाकीचे सगळे आकडे इंग्रजी आहेत आणि एकाच कागदावर दोन प्रकारचे अंक डोळ्याला खुपतात.

आता खोट. ‘८ डिसेंबर, २०२४’ यातला महिन्यानंतरचा स्वल्पविराम. मराठीत छापताना तो कोण देतं? लग्नपत्रिका घ्या, वर्तमानपत्राचा मथळा घ्या, शाळेचा दाखला घ्या, ‘८ डिसेंबर २०२४’ असंच दिसेल. हा विराम इंग्रजीच्या सवयीतून आला असावा असं मला वाटतं. काढायचा तर ‘फॉरमॅटटूपार्ट्स’ वापरावं लागतं: ते तारखेचे वार, दिवस, महिना, साल असे सुटे तुकडे हातात देतं, मग तुम्ही आपल्या मर्जीने जोडायचे. मी तेच केलं. आखूड महिन्यांबद्दलही माझी तक्रार आहे. ‘जाने’, ‘फेब्रु’, ‘सप्टें’, ‘नोव्हें’ इथपर्यंत ठीक, पण ऑगस्टचं ‘ऑग’ होतं आणि ते वाचून अप्पांनी मला विचारलं, “हे अर्धवट का राहिलंय? कागद संपला का?” तेव्हापासून मी महिना पूर्णच छापते. मोबाईलच्या सगळ्यात अरुंद पडद्यावरसुद्धा ‘फेब्रुवारी’ मावतो. मराठी महिने आखूड करायची गरज पडलेली मला अजून एकदाही दिसली नाही.

एक छोटी गोष्ट, जी तारखेतच जास्त दिसते. पानावर भाषेची खूण मराठीची ‘एमआर’ लावा, हिंदीची ‘एचआय’ राहू देऊ नका. ज्या फाँटांत मराठीची वेगळी अक्षरं भरलेली असतात, तिथे ‘जुलै’मधला ल पाकळीचा आणि ‘शुक्रवार’मधला श देठाचा येतो. खूण चुकली की तेच शब्द हिंदी वळणाने दिसतात. वाचणाऱ्याला काय बदललं ते सांगता येत नाही, पण घरचं वाटत नाही एवढं कळतं.

यानंतर दोन मोठ्या चुका सांगते. दोन्ही माझ्या हातून झाल्या, आणि दोन्हींत अप्पांची वार लिहायची सवय कामाला आली.

पहिली पावतीची. ब्राउझरमध्ये सगळं छान मराठीत दिसत होतं, पण पावतीचा पीडीएफ सर्व्हरवर तयार व्हायचा आणि सर्व्हर स्वस्तातला, त्यावर नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) १२ वी आवृत्ती. नोडमध्ये सगळ्या भाषांचा माल आपोआप भरलेला येऊ लागला तो १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबरपासून. त्याआधी नेहमीच्या नोडमध्ये फक्त इंग्रजी असायची. तुम्ही मराठी मागा, ते तक्रार करत नाही, चूक दाखवत नाही, गुपचूप अमेरिकन इंग्रजी देतं. पावतीवर मी जागा वाचवायला आकड्यांची तारीख ठेवली होती. ८ डिसेंबरच्या लग्नाची पावती छापली गेली ती १२/८/२०२४ अशी, इंग्रजी अंकांत. आपल्याकडे हे १२ ऑगस्ट होतं. ठाकूरद्वारच्या ज्या कुटुंबाला ती पावती गेली, त्यांच्या घरच्या आजीने ती वाचून फोन केला: “अहो, श्रावणातल्या सोमवारी कुठलं लग्न लावताय आमच्या नातवाचं?” १२ ऑगस्ट २०२४ खरंच श्रावणातला सोमवार होता. आजींच्या डोक्यातलं कॅलेंडर माझ्या सर्व्हरपेक्षा पक्कं निघालं.

नोड बदललं, पण तेवढ्यावर थांबले नाही. आता सर्व्हर सुरू होतानाच मी त्याला विचारते की मराठी खरोखर आहे का; ‘रिझॉल्व्हडऑप्शन्स’ मागितले की प्रत्यक्षात कुठली भाषा वापरली जाणार ते कळतं. उत्तर मराठी नसेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. आणि पावतीवरून आकड्यांची तारीख कायमची गेली. कुठेही, कुणालाही दाखवायची तारीख वारासकट आणि अक्षरी महिन्यात. ८/१२ आणि १२/८ यांतला फरक कुणाच्या लक्षात येत नाही. ‘रविवार, ८ डिसेंबर’ चुकलं तर पहिल्या नजरेत समजतं.

दुसरी चूक जास्त खोल होती. जूनची दुपार, बाहेर धो धो पाऊस, मी कचेरीत शेजारच्या खुर्चीवर बसून दर आकारणीचं काहीतरी बदलत होते. अप्पांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. चष्मा कपाळावर.

“ताई, हे बघा. हे लोक आत्ता आठ तारीख घेऊन गेले. मी स्वतः घातली. अ‍ॅडव्हान्स घेतला. आता पुन्हा उघडलं तर हे काय दाखवतंय?”

स्क्रीनवर होतं: ‘शनिवार, ७ डिसेंबर २०२४’.

“सातला आपल्याकडे साखरपुडा आहे,” अप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. रजिस्टर उघडून त्यांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवलं, शनिवारच्या आणि रविवारच्या.

कारण असं. कॅलेंडरमधून तारीख निवडली की जावास्क्रिप्ट तिचा एक क्षण बनवतं: ८ डिसेंबर, रात्रीचे बारा, मुंबईची वेळ. मग मी तो क्षण डेटाबेसकडे पाठवायला ‘टूआयएसओस्ट्रिंग’ वापरलं आणि पहिली दहा अक्षरं कापून घेतली. पण ही सोय क्षण नेहमी जागतिक वेळेत लिहिते. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. आपले रात्रीचे बारा म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. म्हणून कापलेल्या दहा अक्षरांत ७ डिसेंबर आलं. ही चूक लंडनच्या हिवाळ्यात बसून कोड लिहिणाऱ्याला कधीच दिसणार नाही, अमेरिकेत बसलेल्यालाही मध्यरात्रीच्या तारखेत दिसणार नाही. आपल्याकडे मात्र ती रोज, प्रत्येक तारखेला, हटकून होते. नेटवर सापडणारी ही एका ओळीची युक्ती मुंबईत वापरू नका. माझ्या चाचणीत ती सापडली नव्हती कारण मी पान नव्याने उघडून पाहिलं नव्हतं. जुन्या पानावर तारीख बरोबरच दिसत राहते.

यात इंटलचा दोष नाही. त्याला जो क्षण दिला तो त्याने बरोबर लिहिला. उलट त्याने ‘शनिवार’ लिहिलं म्हणून अप्पांना लगेच खटकलं. ०७/१२ असं आलं असतं तर ते त्या दिवशी नजरेतून सुटलं असतं, असं ते स्वतः म्हणाले. आम्ही त्या आठवड्यातली एकोणीस बुकिंगं रजिस्टरशी ताडून पाहिली, त्यांतल्या चौघांना अप्पांनी माझ्यासमोर फोन केले. माझी चूक त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली, माझं नाव न घेता. ती दुपार मी विसरलेले नाही.

आता मी काय करते ते सांगते. लग्नाची तारीख हा क्षण नाही. तिला तास-मिनिटं नसतात, टाइमझोन नसतो. म्हणून डेटाबेसमध्ये रकाना ‘डेट’ प्रकारचा, वेळेसकटचा नाही. प्रवासात ती साल-महिना-दिवस अशी साधी अक्षरं म्हणूनच जाते. छापायच्या वेळी तिचा क्षण करावाच लागतो, तेव्हा जागतिक वेळेतला बनवते आणि इंटललाही टाइमझोन ‘यूटीसी’, म्हणजे जागतिक वेळच, सांगते. दोन्हीकडे एकच झोन असला की तारीख हलत नाही. याउलट पैसे कधी आले, मेसेज कधी गेला हे खरे क्षण. ते जागतिक वेळेत साठवायचे आणि छापताना ‘आशिया/कोलकाता’ हे नाव दर वेळी स्पष्ट लिहायचं. ब्राउझरच्या भरवशावर सोडायचं नाही, कारण सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर असतं आणि एका बुकिंगवाल्याचा मुलगा ते पान न्यू जर्सीतून उघडत असतो. क्रोमला टाइमझोन विचारलात तर ते जुनं नाव ‘आशिया/कलकत्ता’ सांगतं, फायरफॉक्स ‘कोलकाता’ सांगतं. दोन्ही एकच आहेत, पण ही नावं अक्षराला अक्षर ताडून पाहणारा कोड कुणी लिहू नये.

“मग स्वतःच साडेपाच तास मिळवले तर?” असं मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं. त्याला मी आमच्या सहस्रचंद्रदर्शनाची गोष्ट सांगितली. हॉलमध्ये हे कार्यक्रम बरेच होतात, आणि अर्जात ज्यांचा सोहळा त्यांची जन्मतारीख असते. जुन्या कोडमध्ये एके ठिकाणी साडेपाच तास हाताने मिळवलेले होते. १९६० किंवा १९५० ची तारीख घालून पाहिली तर बरोबर यायची, आणि १० मार्च १९४३ चा जन्म असलेल्या एका आजोबांची तारीख ९ मार्च छापली गेली. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानची घड्याळं एक तास पुढे केलेली होती. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात इथली वेळ जागतिक वेळेच्या साडेसहा तास पुढे होती. टाइमझोनच्या भांडारात हा इतिहास नोंदलेला आहे आणि ब्राउझर तो पाळतो. साडेसहा वजा करून साडेपाच मिळवलं की आदल्या रात्रीचे अकरा वाजतात. ज्यांचं वय आज ऐंशीच्या घरात आहे, नेमक्या त्यांच्याच जन्मतारखा बिघडतात. आणि मुंबईचा इतिहास तर याहून गुंतागुंतीचा. देशाची वेळ १९०६ साली ठरली तरी हे शहर ‘बॉम्बे टाइम’ म्हणून ३९ मिनिटं मागचं आपलं वेगळं घड्याळ १९५५ पर्यंत बाळगून होतं. आजोबांच्या पत्रिकेतली जन्मवेळ कुठल्या घड्याळाची, हा प्रश्न कुठल्याच सॉफ्टवेअरने सोडवायला जाऊ नये. तारीख मात्र नीट छापता येते, आणि ती छापलीच पाहिजे.

आधी मी तारखांसाठी मोमेंट ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरायचे, तेव्हा तुलना करणं भाग आहे. मोमेंट करणाऱ्यांनी २०२० च्या सप्टेंबरातच सांगितलं की यात नवं काही येणार नाही, नव्या कामाला दुसरं काही घ्या. तरी तिच्यातली मराठी कुणीतरी जीव लावून केलेली आहे. ‘५ तासांपूर्वी’, ‘एका तासापूर्वी’ यात सामान्यरूप बरोबर होतं. ‘५ तासपूर्वी’ असलं काही येत नाही. वेळेला ‘सकाळी ११:४० वाजता’ असं येतं, पुढे ‘वाजता’सुद्धा लावलेलं. पण तिथे रात्री बारापासून सकाळी सहापर्यंत सगळी ‘पहाट’ धरली आहे. ‘पहाटे १२:३०’ ही वेळ मराठीत नाही. हॉल रिकामा करायची वेळ म्हणून ते छापलं गेलं असतं तर केटररने भांडण काढलं असतं.

इंटलमध्ये ‘किती वेळापूर्वी’ यासाठी वेगळा भाऊ आहे, ‘रिलेटिव्हटाइमफॉरमॅट’. भूतकाळात तो उत्तम: ‘काल’, ‘३ दिवसांपूर्वी’. भविष्यात मात्र ‘३ दिवसांमध्ये’ देतो. याचा मराठी अर्थ ‘तीन दिवसांच्या आत’ असा होतो. ‘उरलेली रक्कम ३ दिवसांमध्ये भरायची आहे’ आणि ‘कार्यक्रम ३ दिवसांनी आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यंत्राने एकीची दुसरी केली. मोमेंटमध्येही हेच ‘मध्ये’ आहे. मी भविष्यासाठी ही सोय वापरणं बंद केलं आणि ‘नी’ लावणारी माझी छोटी सोय लिहिली: ‘३ दिवसांनी’, ‘२ आठवड्यांनी’. ‘परवा’ हा शब्द मी कुठेच ठेवत नाही. मराठीत गेलेला परवा आणि येणारा परवा एकच. समोरासमोर बोलताना क्रियापदावरून कळतं, स्क्रीनवर एकटा शब्द आला तर कळत नाही.

खरी उणीव पुढे आहे. इंटल तारीख देतं ती सुटी, वाक्यात न बसलेली. मराठीत तारीख वाक्यात गेली की तिला काहीतरी चिकटतं. ‘तुमचं बुकिंग रविवार, ८ डिसेंबर, २०२४ वर आहे’ असं वाक्य आपल्या फोनवर आलेल्या किती मेसेजांमध्ये मी वाचलं आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं. आपण म्हणतो ‘रविवारी, ८ डिसेंबर रोजी’, नाहीतर ‘आठ तारखेला’. चांगली बातमी ही की मराठीत हे करणं अगदी सोपं आहे. सातही वारांच्या शेवटी ‘वार’ आहे, त्यामुळे मागे फक्त दीर्घ ई लावायची: रविवारी, सोमवारी, मंगळवारी. महिन्यांची नावं परकी असल्यामुळे प्रत्यय लागताना त्यांचं रूप सहसा बदलत नाही: डिसेंबरला, डिसेंबरपासून, डिसेंबरपर्यंत. साल असेल तर ‘रोजी’. फॉरमॅटटूपार्ट्सचे तुकडे घेतले की वीस-पंचवीस ओळींत सगळं बसतं, आणि मेसेज माणसाने लिहिल्यासारखा वाटतो.

वेळेचं तेवढं सोपं नाही. इंटलमध्ये साधी वेळ मागितली तर माझ्या क्रोममध्ये आकडे देवनागरी आणि पुढे रोमन अक्षरांत ‘एएम’ किंवा ‘पीएम’ येतं. ‘डेपीरियड’ नावाचा पर्याय दिवसाचा भाग शब्दांत देतो, पण तोही सुटा. लग्नपत्रिकेवर ‘दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांनी’ असतं, आणि मुहूर्त सांगायची हीच रीत गिरगावापासून कणकवलीपर्यंत चालते. मी अप्पांसमोर कागद घेऊन बसले आणि दिवसाचे तुकडे विचारले. पहाट कुठून? “चारच्या आधी रात्रच.” सकाळ? “सहाला उजाडलं की.” चार वाजता काय? “दुपारचे चार.” पाच? त्यावर ते थोडे थांबले. “पाचला संध्याकाळ म्हणतात, पण हॉल पाचला सोडायचा असेल तर दुपारी पाच कुणी म्हणत नाही, म्हणजे संध्याकाळच.” आठनंतर रात्र. हा कागद अजून माझ्याकडे आहे आणि कोडमध्ये तोच आहे. ‘साडेदहा’, ‘सव्वाबारा’, ‘दीड’ हेही घालायचा मोह झाला होता, पण पावतीवर १०:३० वाचायला सगळ्यांना सोपं जातं, तेव्हा तिथे आकडेच ठेवले.

शके कॅलेंडरबद्दल एक इशारा देणं गरजेचं आहे. भाषेच्या खुणेला ‘सीए-इंडियन’ जोडलं की भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीख मिळते. ही दिनदर्शिका सरकारने २२ मार्च १९५७ पासून लागू केली, तो दिवस १ चैत्र शके १८७९. ती सौर आहे. तिच्यात श्रावण दर वर्षी २३ जुलैला सुरू होतो. आपल्या घरातला श्रावण चंद्राचा, २०२४ साली तो ५ ऑगस्टला, सोमवारी लागला. महिन्यांची नावं तीच आणि दिवस वेगळे. एका ग्राहकाने ‘मराठी तिथी दाखवा’ म्हणून आग्रह केला तेव्हा ही सोय वापरून अर्ध्या तासात काम संपवणं शक्य होतं. मी नाही म्हटलं. ज्या घरात उपास आणि मुंज पंचांगावर ठरतात, तिथे ‘श्रावण’ लिहून भलताच दिवस दाखवणं मला जमणार नव्हतं. तिथी हवी तर पंचांगाची माहिती घ्यायची; इंटलकडे ती नाही.

बारीकसारीक आणखी. इंटलचा हा फॉरमॅटर, म्हणजे तारीख मांडून देणारा भाग, तयार करायला वेळ लागतो, म्हणून तो एकदाच बनवून ठेवा. चारशे ओळींच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला नवा बनवला तेव्हा अप्पांचा जुना संगणक स्पष्टपणे अडखळायचा. तारीख निवडायची ब्राउझरची तयार चौकट पानाच्या भाषेने चालत नाही, ब्राउझरच्या भाषेने चालते. अप्पांच्या विंडोजची भाषा अमेरिकन इंग्रजी होती आणि चौकटीत महिना आधी यायचा. मी चौकटीखाली निवडलेली तारीख लगेच मराठीत, वारासकट, ठळक छापते. आता ते चौकटीकडे बघतही नाहीत, खालची ओळ वाचून एंटर दाबतात. आणि इंटलने बनवलेला मजकूर कधीही परत तारीख म्हणून वाचायला जाऊ नका. सीएलडीआरच्या ४२ व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतली साधी मोकळी जागा बदलून वेगळ्या प्रकारची अरुंद जागा आली आणि कित्येकांचा कोड एका अपडेटने बंद पडला. तो मजकूर माणसांनी वाचायचा आहे.

पुढची सोय ‘टेम्पोरल’, जावास्क्रिप्टमधली तारीख-वेळेची नवी व्यवस्था. त्यात ‘प्लेनडेट’ म्हणून नुसत्या तारखेचा स्वतंत्र प्रकार आहे, क्षण नसलेला, टाइमझोन नसलेला. फायरफॉक्सच्या १३९ व्या आवृत्तीत, मे २०२५ मध्ये, तो सुरू झाला. अप्पांच्या रजिस्टरातली तारीख म्हणजे नेमकी प्लेनडेट. हॉलच्या पुढच्या आवृत्तीत मी तेच घेणार आहे, आणि इंटल त्याच्यासोबतही चालतं.

तारे द्यायचेच तर पाचात चार. एक तारा ‘मध्ये’साठी आणि त्या स्वल्पविरामासाठी कापला. मोबदल्यात फुकट, बिनवजनाचं, शुद्ध मराठी. मराठीत काही बनवणाऱ्या कुणीही आधी हेच घ्यावं, लायब्ररी नंतर बघावी.

सीएलडीआरचा माल कुणा एका कंपनीच्या तिजोरीत नाही. वर्षातून दोनदा नवी आवृत्ती निघते, भाषा जाणणारे लोक एकेका शब्दावर मत देतात, आणि चूक दिसली तर तक्रार कुणालाही नोंदवता येते. ‘दिवसांमध्ये’च्या जागी ‘दिवसांनी’ हवं, असा अर्ज मी लिहून तयार ठेवला आहे. उदाहरणं अप्पांच्या पावत्यांतली आहेत, नावं काढून. आठवडा, महिना, वर्ष, तास, मिनिट, प्रत्येकाचं एकवचन आणि अनेकवचन तपासायचं बाकी आहे. ‘१ वर्षाने’ की ‘वर्षाने’, यावर माझं आणि आईचं एकमत झालेलं नाही. तुम्ही काय म्हणता ते सांगा, रविवारी बसून अर्ज पाठवते.